अस्थिकलश कोणता घ्यावा, किती खर्चावा

सावडायला जायच्या आदल्या संध्याकाळी घरातलं कुणीतरी मर्तिकाच्या सामानाच्या दुकानात जातं आणि समोर येईल ते घेऊन येतं. माझ्या वडिलांच्या वेळी मीही तेच केलं. घासाघीस करायची ती वेळ नसते. दुकानदाराने तोंडाला लाल कापड बांधलेलं मडकं दिलं. विसर्जनाच्या दिवशी घाटावर गाठ सोडली तेव्हा कळलं, कापड चकचकीत नायलॉनचं होतं. ते मी खिशात घालून परत आणलं. मडकं मात्र नदीत गेलं. तेही जायला नको होतं, हे मला बऱ्याच उशिरा समजलं.

मडकं मातीचं, म्हणजे पाण्यात विरघळणारच, असा आपला समज असतो. पण माती एकदा भट्टीत भाजली की पुन्हा कधी चिखल होत नाही. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. तिथे घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं निघाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन कुंभांमध्ये. ते कुंभ तीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. खापर इतकं टिकतं. घाटावर सोडलेलं मडकं फुटून गाळात बसतं आणि पुढे पाण्यात उतरणाऱ्याच्या पायाला लागतं.

विरघळणारं मडकं हवं असेल तर कुंभाराकडे जाऊन कच्चं, म्हणजे भट्टीत न घातलेलं, मागावं. भट्टी लावण्याआधी वाळत ठेवलेली मडकी त्याच्याकडे बहुतेक वेळा असतात. भाजलेलं छोटं मडकं साधारण 50 ते 150 रुपयांना मिळतं, कच्च्याला त्याहून जास्त पडू नये. एक काळजी मात्र घ्यावी लागते. सावडताना चितेवर दूध-पाणी शिंपडतात, त्यामुळे अस्थी ओल्या असतात आणि कच्च्या मडक्याचा तळ वाटेतच सुटू शकतो. अस्थी आधी पाटीत पसरून कोरड्या होऊ द्याव्यात, मडक्यात केळीचं पान घालावं आणि मगच भराव्यात. हेच मडकं ऑनलाइन 'पर्यावरणपूरक कलश' या नावाने हजार-दोन हजारांनाही विकलं जातं. तिथे घेणारच असाल तर ते भाजलेलं आहे का, एवढं विचारा. तुकडा बादलीभर पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी तो तसाच राहिला, तर ते विरघळणारं नव्हे.

मला विचाराल तर नवा कलश घेऊच नये. घरातला तांब्या न्यावा, अस्थी पाण्यात सोडाव्यात, तांब्या धुऊन परत आणावा. खर्च शून्य, आणि नदीत अस्थींशिवाय काहीच जात नाही. हा तांब्या पुन्हा वापरायला काही घरांत मन धजत नाही, ते मला समजतं. अशा वेळी मोडीत द्यावा. तांब्या-पितळेला वजनावर पैसे मिळतात, ते अन्नदानाला घालता येतात. नवा घ्यायचा झाला तर भांडी वजनावरच विकली जातात. लहानात लहान तांब्यालाही काही शे रुपये लागतात, म्हणून दुकानदाराला त्या दिवसाचा भाव विचारावा.

त्याहून सोपी मांजरपाटाची पुरचुंडी. मीटरभर कापड शंभराच्या आतबाहेर मिळतं. कापड सुती आहे का हे पाहायला एक धागा पेटवावा: सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. सुती असलं तरी नदीत अस्थीच सोडाव्यात आणि कापड घरी आणावं.

कलशाचा विचार आपण एवढा करतो, पण खरी मोठी गोष्ट कलशाबाहेर उरते. विद्युत किंवा गॅस दाहिनीतून प्रौढ माणसाची साधारण दोन-तीन किलो रक्षा निघते. लाकडाच्या चितेत सरपणाची राख मिसळून ती कितीतरी जास्त भरते आणि बऱ्याचदा खताच्या प्लास्टिक गोणीतून थेट नदीत जाते. सोबत हार, फोटो आणि कपडेही. कलशात चिमूटभर अस्थी घ्याव्यात, विधीला तेवढ्या पुरतात. उरलेली रक्षा शेतात घालावी. कोल्हापूर, सांगलीकडे अनेक घरांत रक्षा रानात विसर्जित करून तिथे झाड लावतात. मला हा रिवाज फार मोलाचा वाटतो. फक्त सगळी राख एकाच खड्ड्यात ओतू नये. ती खारी आणि अल्कधर्मी असते, रोपाची मुळं जळतात. भरपूर मातीत कालवून ती लांबवर पसरावी आणि रोप थोडं बाजूला लावावं. रोपवाटिकेत आंब्याचं किंवा जांभळाचं रोप घेतलं, तरी बाजारातल्या सजवलेल्या कलशापेक्षा स्वस्तच पडतं.

परदेशातून अस्थी आणणाऱ्यांनी धातूचा कलश टाळावा. विमानतळावर क्ष-किरण तपासणीत धातूच्या आतलं दिसत नाही. अमेरिकेत तर आत काय आहे ते तपासता आलं नाही की कलश पुढे जाऊच देत नाहीत, आणि कर्मचारी तो उघडूनही पाहत नाहीत. लाकडाचा किंवा जाड पुठ्ठ्याचा घ्यावा. मृत्यूचा आणि दहनाचा दाखला हातातल्या पिशवीत ठेवावा. तिथलं दहनगृह अस्थी दळून पूड करून देतं. प्रौढ माणसाच्या त्या पुडीला तीन लिटरांहून थोडी जास्त जागा लागते, हे माप कलश मागवताना लक्षात ठेवावं. अमेरिकेतच समुद्रात विसर्जन करायचं असेल तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैल आत जावं लागतं आणि तीस दिवसांत पर्यावरण खात्याला कळवावं लागतं.

इथे आपल्याकडे मात्र सावडायला निघताना तांब्या, मांजरपाट, केळीचं पान आणि एक कोरडी पाटी घरूनच घेऊन निघावं, म्हणजे दुकानाची पायरी चढावी लागत नाही.