नॅनो कण मातींत गेल्यावर त्यांचें काय होतें?

युरियाच्या गोणीऐवजीं अर्ध्या लिटरची नॅनो युरियाची बाटली २०२१ पासून बाजारांत आली आहे. ती घ्यावी कीं न घ्यावी, हा प्रश्न आपल्या हिंगोली भागांतील हळद व गहूं करणारांस पडतो. तत्पूर्वीं अशा कणांचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे.

एका मिलिमीटरचे दहा लक्ष समान भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर होय. १ ते १०० नॅनोमीटरच्या कणांस नॅनो कण म्हणतात. इतका लहान कण सर्वत्र मोकळा संचार करील असें वाटतें. परंतु तसें घडत नाहीं. गढूळ पाण्यांत तुरटी फिरविली म्हणजे गाळ गोळा होऊन तळाशीं बसतो, हें घरोघरीं ठाऊक आहे. कणांवर विद्युत्भार असतो, त्यामुळें ते एकमेकांस दूर सारतात. तुरटीनें तो भार नाहींसा होतो. चुनखडीच्या काळ्या जमिनींत व विहिरीच्या जड पाण्यांत कॅल्शियम तेंच काम करितें, आणि गोळे झालेले कण चिकणमातीस धरून राहतात. शेणखताचा कुजलेला अंश मात्र कणांभोंवतीं पातळ वेष्टन करितो. मग ते सहसा गोळा होत नाहींत व पाण्याबरोबर अधिक दूर जातात.

कणाची जातही पाहावी. पांढऱ्या रंगांतील टिटॅनियमचा कण विरघळत नाहीं, गाळांत तसाच राहतो. जस्ताच्या भस्माचा कण हळूहळू विरघळून साध्या जस्ताप्रमाणेंच वागतो. युरिया तर साखरेसारखा पाण्यांत पूर्ण विरघळणारा. मग बाटलींत त्याचा कण टिकतो कसा, ही शंका रास्तच आहे. कोपनहेगन विद्यापीठाच्या दोघां शास्त्रज्ञांनीं २०२३ सालीं या खताविषयींच्या दाव्यांस शास्त्रीय आधार अपुरा असल्याचें लिहिलें.

आमची नोकरी आंकडे ताडून पाहण्यांत गेली, म्हणून हिशेबच मांडतों. ४५ किलोच्या गोणींत शेंकडा ४६ प्रमाणें सुमारें २०.७ किलो नत्र. पहिल्या बाटलींत शेंकडा ४ प्रमाणें सुमारें २० ग्रॅम. पुढें प्रमाण शेंकडा २० वर नेलें, तरी सुमारें १०० ग्रॅमच. पानांवर फवारलेलें नत्र कमी वायां जाऊं शकतें. पण जें बाटलींतच नाहीं तें पिकास कोठून मिळणार? लुधियानाच्या पंजाब कृषि विद्यापीठाच्या प्रयोगांत निम्में नत्र कमी करून हा फवारा दिला, तेव्हां भात व गहूं यांचें उत्पन्न घटलें.

ज्यास परीक्षा पाहावयाची असेल त्यानें गव्हाच्या दोन सारख्या पट्ट्या आंखाव्या. एकीस नेहमींचा युरिया पुरा द्यावा, दुसरीस एक हप्ता कमी करून बाटली फवारावी, आणि दोहोंचें धान्य निराळें मोजावें. तोंवर बाकीच्या शेताची गोणी बंद करूं नये.