डिग्री कमी लागली म्हणजे भेसळ का?

प्रश्न : माझ्याकडे दोन म्हशी आणि एक संकरित गाय आहे. सकाळचं दूध खासगी संकलन केंद्रावर घालतो. संध्याकाळचं नांदेड रस्त्यावरच्या एका हॉटेलाला आणि चार घरी रतिबाला जातं. पाण्याचा थेंब घालत नाही, तरी गाईच्या दुधाला फॅट 3.3 आणि एसएनएफ 8.2 लागतो, दर कापतात. आता लोक म्हणतात, हॉटेलात नमुना धरला तर दंड होईल, आधी लायसन काढ. खरं काय?
– एक दूध उत्पादक, आखाडा बाळापूर

उत्तर : केंद्रावरची कपात हा खरेदीचा व्यवहार आहे, गुन्हा नव्हे. राज्यात गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट, 8.5 एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली प्रत्येक पॉइंटला पैसे कमी होतात. कायद्याची किमान मर्यादा 3.2 आणि 8.3 आहे. म्हणजे तुमचा फॅट पास, एसएनएफ एका पॉइंटने नापास. म्हशीच्या दुधात एसएनएफ 9 लागतो.

खरी जोखीम हॉटेलाच्या कॅनमध्ये आहे. पाणी घातलं की गाईनेच पातळ दूध दिलं, हे कायदा विचारत नाही. उत्तर प्रदेशातल्या एका विक्रेत्याच्या 1995 मधल्या नमुन्यात फॅट 4.6 होता, पण एसएनएफ 8.5 ऐवजी 7.7 भरला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली. तो खटला जुन्या कायद्याचा. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात नुसत्या कमी प्रतीच्या दुधाला तुरुंग नाही, दंड आहे. पण त्याची कमाल मर्यादा 5 लाख. दोन-तीन जनावरांवर घर चालवणाऱ्याला हा आकडा दाखवणं मला तरी पटत नाही.

लायसन नको, नोंदणी हवी. सगळं दूध सहकारी दूध संस्थेला घालणाऱ्या सभासदाला तीही माफ आहे. तुमचं केंद्र खासगी, शिवाय रतीब वेगळा. त्यामुळे ही सूट तुम्हाला लागू नाही. फॉसकॉस पोर्टलवर नोंदणी होते, फी वर्षाला 100 रुपये.

हॉटेलाला गाईचं आणि म्हशीचं दूध वेगळ्या कॅनमध्ये द्या. एकत्र करून ‘म्हशीचं’ म्हणून दिलंत तर म्हशीचाच निकष लागेल. शेवटच्या धारा वासराला सोडत असाल तर फॅट तिथेच जातो, कारण तोच भाग सर्वांत दाट असतो. लॅक्टोमीटर धारोष्ण दुधात सोडू नका, डिग्री कमी दिसते. एसएनएफ सतत पडत असेल तर पशुवैद्यकाकडून कासेची तपासणी करून घ्या. दगडी असू शकते, किंवा उन्हाळ्यात चारा-पेंड अपुरी पडत असेल.

आणि नमुना घेतलाच, तर त्याचे चार भाग तुमच्यासमोर सीलबंद होतात की नाही ते पाहा. अहवाल विरोधात गेला तर पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत अपील करता येतं.