साखळीच्या खुणा

उघडलेल्या इंजिनाची पुन्हा बांधणी करणे हे हाताचे काम खरे. परंतु त्यात एक टप्पा असा येतो की, तेथे हातापेक्षा डोळ्यांची आणि धीराची कसोटी लागते. तो म्हणजे टायमिंग साखळीच्या जुळणीची तपासणी.

मोटारीच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात, तेव्हा कॅमशाफ्टची एक फेरी पुरी होते. क्रँकशाफ्टला पिस्टन जोडलेले असतात. कॅमशाफ्ट व्हॉल्व्हची उघडझाप करतो. या दोहोंना एका तालात ठेवते ती साखळी. मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमियर पद्मिनीत अशी साखळी होती. मारुती ८०० मध्ये मात्र रबरी पट्टा असे.

हा ताल किती नाजूक असतो पाहा. कॅमशाफ्टच्या चक्राला ३६ दाते असतील आणि साखळी एकच दाता सरकून बसली, तर कॅमशाफ्ट १० अंशांनी, म्हणजे क्रँकशाफ्टच्या हिशेबाने २० अंशांनी चुकतो. असे इंजिन कदाचित सुरूही होते, पण अडखळत चालते. चूक मोठी असेल, तर पुष्कळ इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतो आणि सारा खर्च व श्रम वाया जातात.

साखळी चढवताना तिच्या रंगीत कड्या चक्रांवरील खुणांसमोर बसवतात. ताण देणारा टेन्शनर मोकळा केला की काम संपले, असे नवशिक्याला वाटते. जाणता कारागीर मात्र येथे चावीला हात लावत नाही. तो स्पार्क प्लग काढून ठेवतो आणि क्रँकशाफ्टच्या बोल्टला पाना लावून, इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने, हाताने दोन पूर्ण फेऱ्या देतो. सैल राहिलेली बाजू या फेऱ्यांत ताणली जाते आणि दडलेली चूक उघडी पडते. मध्येच कठीण अडथळा लागला, तर तो जोर करीत नाही. थांबून कारण शोधतो.

फेऱ्यांनंतर चक्रांवरील खुणा पुन्हा आपापल्या जागी आल्या पाहिजेत. रंगीत कड्या मात्र तेथे दिसणार नाहीत, आणि येथेच अनेकजण घाबरून साखळी उतरवतात! साखळीला १३० कड्या असल्या आणि क्रँकशाफ्टच्या चक्राला १८ दाते असले, तर त्या कड्या क्रँकशाफ्टच्या १३० फेऱ्यांनंतरच मूळ खुणांसमोर येतील. कड्या केवळ साखळी चढवण्यापुरत्या. तपासणी करायची ती चक्रांवरील खुणांची.

पाठगत प्रश्न

१. दोन फेऱ्यांनंतर रंगीत कड्या खुणांसमोर नसल्या, तरी जुळणी चुकली असे का म्हणता येत नाही?

२. ‘जुळणी’ हे नाम ‘जुळणे’ या क्रियापदापासून झाले आहे. अशी आणखी दोन नामे पाठातून शोधून लिहा.