कथेतील पात्रांचा अभ्यास : डीडलस आणि इकारस
(वाचनपाठ : इयत्ता सातवी. तासिका ३)

प्रास्ताविक

कथा सांगून झाली की ‘या कथेपासून कोणता बोध घ्यावा?’ हा प्रश्न वर्गात हटकून विचारला जातो. त्याचे उत्तर विद्यार्थ्यांस बहुधा कथा ऐकण्यापूर्वीच पाठ असते. ग्रीक पुराणकथांतील इकारसची कथा अशीच ‘वडिलांची आज्ञा मोडू नये’ या एका वाक्यात संपविली जाते. ते वाक्य खोटे नव्हे. परंतु त्यात निम्मी कथाही येत नाही. पात्र काय करते, काय बोलते, इतर लोक त्याच्याकडे कसे पाहतात आणि कवी कोणती गोष्ट केव्हा सांगतो, या चार गोष्टी पाहिल्यावाचून तात्पर्याकडे वळू नये, ही सवय लावणे हे या पाठाचे उद्दिष्ट आहे.

परकीय कथा निवडण्याचे कारणही हेच आहे. रामायण-महाभारतातील पात्रे मुलांच्या ओळखीची असतात. कोण भला व कोण बुरा हे त्यांच्या मनात आधीच ठरलेले असते. डीडलसविषयी त्यांचे कोणतेच मत नसते. ते त्यांस कथेतील पुराव्यावरूनच बनवावे लागते.

कथेचा आधार

ही कथा मुळात ग्रीक आहे. तिचे सर्वांत तपशीलवार रूप मात्र ओव्हिड या रोमन कवीच्या ‘मेटॅमॉर्फोसिस’, म्हणजे ‘रूपांतरे’, या लॅटिन काव्यात सापडते. या काव्याचे १५ भाग असून ते इ. स. ८ च्या सुमारास पूर्णत्वास आले. प्रस्तुत कथा त्याच्या ८ व्या भागात आहे. पाठाची मांडणी ओव्हिडच्या कथनक्रमास धरून करावी. तो क्रम का महत्त्वाचा आहे, हे पुढे येईल.

कथासार

डीडलस हा अथेन्स नगरीचा विख्यात कारागीर. क्रीट बेटाचा राजा मिनॉस याच्यासाठी त्याने एक भूलभुलैया बांधला. त्यातील वाटा इतक्या फसव्या होत्या की खुद्द डीडलसलाही दारापर्यंत परत येणे कठीण गेले. पुढे त्याला क्रीटचा व तेथील दीर्घ परदेशवासाचा वीट आला. परंतु राजाने त्याला जाऊ दिले नाही. जमीन व समुद्र राजाच्या ताब्यात होते, आकाश मात्र मोकळे होते. तेव्हा डीडलसने पिसे जमविली आणि लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडली. मध्ये दोऱ्याने व बुडाशी मेणाने ती जोडली, आणि खऱ्या पंखासारखा किंचित बाक दिला.

त्याचा मुलगा इकारस शेजारीच होता. वाऱ्याने उडणारी पिसे तो पकडी, पिवळे मेण अंगठ्याने मऊ करी, आणि बापाच्या कामात खोळंबा करी. काम संपल्यावर डीडलसने त्याला मधल्या वाटेने उडण्यास सांगितले. फार खाली गेल्यास पाण्याने पिसे जड होतील, फार वर गेल्यास ऊन ती जाळील. पंख बांधताना म्हाताऱ्याचे गाल भिजले आणि हात कापले. त्याने मुलाचे चुंबन घेतले, आणि पिलाला घरट्याबाहेर काढणाऱ्या पक्ष्याप्रमाणे तो पुढे उडाला. उडता उडता तो मागे वळून मुलाच्या पंखांकडे पाहत होता.

सेमॉस बेट डाव्या हाताला होते. डीलॉस व पारॉस मागे पडले होते. इकारसला उडण्याचा आनंद अनावर झाला. बापाची वाट सोडून तो उंच गेला. मेण वितळले, पिसे गळाली, आणि बापाला हाका मारीत तो समुद्रात बुडाला. लाटांवर तरंगणारी पिसे पाहून डीडलसने स्वतःच्याच कलेला शाप दिला. मुलाला त्याने एका बेटावर पुरले. त्या बेटास इकारसचे नाव मिळाले. एजियन समुद्रातील इकारिया बेट आजही नकाशात दाखविता येते.

येथे पहिली तासिका संपवावी. कथा संपली, असे मात्र सांगू नये.

कथेचा दुसरा भाग

डीडलस मुलाला पुरत असता चिखलाच्या चरातून एका तितराने ते पाहिले आणि पंख फडफडवून आनंदाचा आवाज केला. हा पक्षी कोण, ते ओव्हिड या ठिकाणी सांगतो. डीडलसच्या बहिणीने आपला बारा वर्षांचा मुलगा शिक्षणासाठी भावाच्या हाती सोपविला होता. मुलगा बुद्धीने तल्लख होता. माशाच्या कण्याची रचना पाहून त्याने लोखंडाच्या पात्याला दाते पाडले आणि करवत तयार केली. दोन लोखंडी भुजा एका टोकास जोडून, एक स्थिर ठेवून दुसरीने वर्तुळ काढण्याचा कंपासही त्यानेच शोधला. डीडलसला मत्सर वाटला. त्याने भाच्याला अथेन्सच्या उंच गडावरून लोटून दिले आणि तो पाय घसरून पडला, असे खोटेच सांगितले. बुद्धिमंतांची कैवारी अथीना देवी हिने मुलाला अधांतरी झेलले, पिसांनी झाकले आणि त्याचा तितर केला. तो पक्षी उंच उडत नाही, झाडावर घरटे करीत नाही, कुंपणाच्या आडोशाला अंडी घालतो. कारण जुनी पडझड त्याला आठवते.

आपल्या माळरानावरील तितर त्याच कुळातील आहे. तो जमिनीवरच अंडी घालतो, हे मुलांनी पाहिलेले असते. त्यांच्याकडूनच ते वदवून घ्यावे. भाच्याच्या मृत्यूचा प्रसंग मात्र रंगवून सांगू नये. दोन वाक्यांत सांगावा.

पात्रांचा अभ्यास

डीडलस : फळ्यावर ‘कृती’ व ‘त्यावरून दिसणारा स्वभाव’ असे दोन रकाने आखावेत. पहिल्या तासिकेच्या शेवटी दुसऱ्या रकान्यात कुशल, प्रेमळ, सावध, दुर्दैवी असे शब्द येतील. दुसरा भाग सांगितल्यावर त्याच रकान्यात मत्सरी व खोटे बोलणारा हे शब्द लिहावे लागतील. आधीचे शब्द पुसू नयेत. डीडलसचे अश्रू खरे आहेत आणि त्याचा अपराधही खरा आहे. एकाच माणसात दोन्ही असू शकतात, हे मुलांस फळ्यावर दिसले पाहिजे.

इकारस : त्याला ‘अवज्ञा करणारा’ म्हणून मोकळे होऊ नये. मेणाशी खेळणारा अंगठा आठवावयास सांगावे. ज्या वस्तूमुळे पुढे आपला घात होणार, तीच तो हसतमुखाने हाताळीत आहे. त्याच्यात गर्वापेक्षा बालपण अधिक आहे. आज्ञा मोडली हे खरे. परंतु ती मोडली तेव्हा त्याच्या मनात काय होते, हा प्रश्न वेगळा आहे.

भाचा : त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. करवत व कंपास या दोन वस्तूंवरूनच त्याची ओळख होते. न बोलणारे पात्रही ओळखता येते, हे दाखविण्यास दुसरे चांगले उदाहरण शोधावयास नको.

पाहणारे लोक : मासे धरणारा, काठीवर टेकलेला मेंढपाळ आणि नांगरधारी शेतकरी उडणाऱ्या दोघांस देव समजून थक्क होतात. वर दिसणारे देवत्व आणि आत असलेली बापाची भीती यांतील विरोध कवीने या गौण पात्रांकरवी दाखविला आहे.

वाङ्मयीन अंगे

पूर्वसूचना : मऊ होणारे मेण, कापणारे हात, भिजलेले गाल. पडझडीच्या या खुणा पडझडीच्या आधीच पेरलेल्या आहेत. त्या शोधण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवावे.

कथनाचा क्रम : डीडलसचा परदेशवास कवी आरंभीच सांगतो, त्याचे कारण मात्र शेवटी देतो. भाच्याची हकीकत आधी आली असती तर डीडलसच्या शोकाशी वाचक समरस झाला नसता. ती नंतर आल्यामुळे वाचकाला प्रथम दया येते आणि मग त्या दयेचाच विचार करावा लागतो.

साम्य व विरोध : दोन मुले, दोन्ही डीडलसच्या हाताखालची, आणि दोन्ही उंचावरून पडलेली. बापाने जोडलेली पिसे गळाली आणि मुलगा बुडाला. देवीने दिलेल्या पिसांनी भाचा वाचला. हा विरोध मुलांकडूनच यावा. शिक्षकाने घाई करू नये.

तुलना : वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडातील संपाती व जटायू येथे अवश्य आठवावेत. सूर्याकडे झेपावताना जटायू व्याकूळ झाला, तेव्हा थोरल्या संपातीने त्याला आपल्या पंखांखाली घेतले आणि स्वतःचे पंख जाळून घेतले. डीडलस पुढे उडत होता. संपाती वर राहिला. वडीलधाऱ्याचे स्थान कोठे असावे, यावर मुले आपण होऊन बोलतील.

अपेक्षित शंका

‘उंच गेल्यावर हवा थंड होते, मग मेण कसे वितळले?’ असे एखादा विद्यार्थी विचारील. त्याचे कौतुक करावे. दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंशांनी हवा थंड होते आणि मधमाशांचे मेण सुमारे ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते, हे सांगावे. विज्ञान व कथा यांची गल्लत करू नये. कथेने आपला नियम डीडलसच्या तोंडून आधीच सांगितला आहे, आणि पुढील घटना त्या नियमाला धरून घडतात. कथेची सुसंगती यावरून पाहावयाची असते.

चर्चेचे प्रश्न

१. डीडलसने इकारसला सूचना नीट दिली होती काय? सूचना देणे व शिकविणे यांत फरक काय?
२. तितराला आनंद होणे योग्य आहे काय? दोन्ही बाजूंनी कारणे सांगा.
३. डीडलसने आपल्या कलेला शाप दिला. दोष कलेचा की कारागिराचा?
४. दुसरा भाग ऐकल्यानंतर तुमचे कोणते मत बदलले? कोणत्या वाक्यामुळे?

शिक्षकांसाठी

डीडलस हा या कथेतील शिक्षकही आहे, ही गोष्ट अध्यापन करणाऱ्याने आपल्या मनाशी ठेवावी. त्याच्या हाती दोन मुले होती. एकाला त्याने पंख दिले, परंतु उडण्याचा सराव पुरेसा दिला नाही. दुसरा आपल्यापुढे जाईल, हे त्याला सोसले नाही. खेडेगावच्या शाळेत कधी एखादा मुलगा गुरुजींस न सुचलेली रीत गणितात काढतो, एखादी मुलगी धड्यातील चूक दाखविते. अशा वेळी गुरुजींच्या चेहऱ्याकडे सारा वर्ग पाहत असतो. या पाठातही एखादे मूल शिक्षकाच्या मनात नसलेले उत्तर देईल. ते कथेतील कृतीच्या आधारे दिलेले असेल तर मान्य करून फळ्यावर लिहावे.

गृहपाठ व मूल्यमापन

मासे धरणारा, तितर किंवा मुलाची आई असलेली डीडलसची बहीण यांपैकी एकाच्या दृष्टीने ही कथा दहा ओळींत लिहून आणण्यास सांगावे. तपासताना शुद्धलेखनाबरोबर एवढेच पाहावे : विद्यार्थ्याने पात्राविषयी जे म्हटले आहे, त्यास कथेतील एखाद्या कृतीचा आधार आहे काय? आधार असल्यास उत्तर शिक्षकाच्या मताहून निराळे असले तरी पूर्ण गुण द्यावेत. ‘बोध’ ज्यास लिहावयाचा असेल त्याने तो अखेरीस, स्वतःच्या शब्दांत लिहावा.