क्लाउड सर्व्हिस घेण्याआधी शब्दांची वही करा

आजच्या व्हिडिओत 'ऑन्टोलॉजी' हा शब्द आला. शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्या गल्ल्यावरचीच आहे.

धनजच्या दुकानात एक गिऱ्हाईक 'चणा' मागतं, दुसरं 'हरभरा'. आपण दोघांनाही एकाच पोत्यातून मोजून देतो. दोन्ही एकच, त्याची डाळ होते, डाळीचं बेसन होतं, हे आपल्या डोक्यात पक्कं असतं. कॉम्प्युटरला मात्र ते लिहून द्यावं लागतं. वस्तू कोणती, प्रकार कोणता, कशाशी काय संबंध, हे त्याला समजेल असं लिहून ठेवणं म्हणजे ऑन्टोलॉजी. त्यासाठीची 'आऊल' ही भाषा २००४ मध्ये प्रमाणित झाली.

१. शोधणं

भाड्याने कॉम्प्युटर हवा, तर अमेझॉनकडे त्याचं नाव 'ईसी२', मायक्रोसॉफ्टकडे 'व्हर्च्युअल मशीन', गुगलकडे 'कॉम्प्युट इंजिन'. फाइली ठेवायची जागा हवी, तर 'एस३', 'ब्लॉब स्टोरेज' आणि 'क्लाउड स्टोरेज'. माल एकाच जातीचा, पाट्या वेगळ्या! नावाने शोधलं तर एकच सापडेल. कामाने शोधलं तर तिन्ही शेजारी येतात, मग भाव करता येतो.

२. जोडणं

बिलाच्या सर्व्हिसमधून 'मोबाइल नंबर' आणि 'रक्कम' बाहेर पडते. मेसेजच्या सर्व्हिसला 'फोन' हवा असतो. दोन्ही एकच, हे लिहिलेलं असेल तर जोडणी आपोआप होते.

खरा धोका उलटा आहे: नाव एक, अर्थ दोन. बिलाच्या सर्व्हिसची 'रक्कम' जीएसटीसकट आणि हिशेबाच्या सर्व्हिसची जीएसटीशिवाय असेल, तर जोडणी होईल, स्क्रीनवर काही चूक दिसणार नाही, आणि महिनाअखेर हिशेब बसणार नाही.

३. तुमची वही

पैसे भरण्याआधी प्रत्येक सर्व्हिससमोर हे लिहा:

- काम काय करते?
- आत काय द्यावं लागतं?
- बाहेर काय मिळतं, आणि त्या शब्दाचा नेमका अर्थ काय?
- महिन्याचा खर्च किती?
- सोडताना आपला डेटा एक्सेलमध्ये परत मिळतो का?

शेवटचा रकाना रिकामा राहिला, तर थांबा. गिऱ्हाइकांची यादी आणि उधारीची नोंद हेच आपलं भांडवल. ते दुसऱ्याच्या कपाटात ठेवताना किल्ली आपल्याकडे हवी.

आज फक्त दोन सर्व्हिस घ्या आणि त्यांचे पाच रकाने भरा. कुठे अडलात ते कमेंटमध्ये नक्की सांगा!