फळ उडतं, साखर राहते

चिऊ, उन्हाळ्यासाठी तुला गोळ्या-चॉकलेटच्या वासाचा परफ्यूम हवाय ना, खुशाल घे. तुझ्या आईसारखं नाक मुरडणारी मी नाही. फक्त पहिल्या फवाऱ्यावर भुलून पाकीट उघडू नकोस. अननस, स्ट्रॉबेरी, हिरवं सफरचंद असं जे आधी नाकात भरतं, त्यातलं बरंचसं पंधरा-वीस मिनिटांत उडून जातं; मे महिन्यात तर त्याहून लवकर. मागे राहतो तो इथाइल माल्टॉल, म्हणजे जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा वास. तुला दिवसभर वागवायचाय तो हा.

1992 साली थिअरी म्युग्लरच्या 'एंजल'मध्ये ऑलिव्हिए क्रेस्पनं हीच साखर घातली, पण जोडीला पॅचुलीचा मातकट, कडवट वास भरपूर दिला. अशी जोड नसली की नुसता पाक उरतो आणि दुपारपर्यंत डोकं धरतं. म्हणून दुकानात मनगटावर एकदा फवार, मनगटं एकमेकांवर घासू नकोस आणि सरळ बाहेर पड. भाजी घे, बसनं घरी ये. 'ऑफर आजच आहे' म्हणणाऱ्या मुलीला हसून नाही म्हण. बिचारीला तेच म्हणायचा पगार मिळतो. संध्याकाळी मनगटावर जे उरलंय ते आवडलं, तर दुसऱ्या दिवशी जाऊन घे. लहान बाटली घे.

लावायचा तो आंघोळीनंतर, अंग पुसून. कोरड्या त्वचेवर वास टिकत नाही, म्हणून आधी बिनवासाचं लोशन. घामावर तर मुळीच मारायचा नाही. मला स्वतःला आधी कोपराच्या आतल्या बाजूला वाळ्याच्या अत्तराचा ठिपका आणि त्यावर हा गोड फवारा आवडतो. वाळ्यानं गोडवा जमिनीवर येतो. उघड्या मानेवर नको, बर्गामॉटसारख्या काही तेलांनी उन्हात काळे डाग पडू शकतात. पांढऱ्या कुर्त्यावरही नको. या परफ्यूममध्ये बहुतेक वेळा व्हॅनिलिन असतं आणि ते हळूहळू तपकिरी पडतं. त्यामुळे बाटलीतला रंग गडद झाला तर लगेच फेकू नकोस, आधी वास घेऊन बघ. बाटली कपाटात ठेव, बाथरूममध्ये नाही.

तासाभरानं तुला स्वतःचा वास येईनासा होईल. तो गेलेला नसतो, तुझं नाक सरावलेलं असतं. तेव्हा पुन्हा फवारून लोकलच्या लेडीज डब्यात शिरलीस, तर शेजारचीला विचार काय होतं ते.

आणि गडावर जाताना कुठलाच परफ्यूम लावू नकोस, हा तर नाहीच. अशा फळांच्या वासाच्या परफ्यूममध्ये केळ्याच्या गोळीचा वासही असू शकतो, आणि तो असतो आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा. मधमाशी डंख मारते तेव्हा तिच्या नांगीतून हाच पदार्थ सुटतो आणि बाकीच्या माश्या त्या वासावर चाल करून येतात. कड्यावर आग्यामोहोळ लटकलेलं असताना त्यांना आमंत्रण कशाला द्यायचं?