सांस्कृतिक बुद्धिमत्ता : मोजायची कशी?

बुद्धिमत्ता म्हटली की आपल्यापुढे गणिते, कोडी आणि बुद्ध्यंक उभे राहतात. परंतु निराळ्या चालीरीतींच्या माणसांत वावरताना त्यांना ओळखून नीट वागता येणे, हीदेखील बुद्धिमत्ताच होय. ख्रिस्तोफर अर्ली आणि सून आंग यांनी २००३ साली आपल्या ग्रंथात या 'सांस्कृतिक बुद्धिमत्ते'ची मांडणी केली. २००७ साली आंग, लिन व्हॅन डाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यासाठी २० विधानांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडते, हे १ ते ७ या आकड्यांत ज्याचे त्यानेच सांगायचे असते.

या पट्टीचे चार भाग आहेत. आपल्या समजुतींविषयी सावध असणे (४ विधाने), इतर संस्कृतींची माहिती (६), त्यांच्यात मिसळण्याची इच्छा (५) आणि प्रसंगानुसार बोलणे-वागणे बदलण्याची हातोटी (५). तिची पारख मुख्यतः सिंगापूर व अमेरिकेतील विद्यार्थी आणि व्यावसायिक यांच्यावर झाली.

आता आपल्या पन्हाळ्याकडे येऊ. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले समाविष्ट झाले; पन्हाळा त्यांतील एक. हा गड ओसाड नाही. येथे नगरपरिषद आहे, दुकाने आहेत, मंदिरे आहेत, दर्गा आहे आणि नांदती घरे आहेत. अशा वस्तीतील रहिवाशांना ही पट्टी लावली तर काय दिसेल, हे पाहावे म्हणून सुटीत मी ती माझ्या मावशीपुढे ठेवली. ती गडावर झुणका-भाकरी विकते.

माहितीच्या विधानांत इतर संस्कृतींतील कायदे, अर्थव्यवस्था आणि भाषेचे नियम येतात. मावशी म्हणाली, "अगं पोरी, कोर्टकचेरीचं मला काय ठावं? एक लिव." 'इतर संस्कृती' या शब्दापाशी तर ती अडलीच. "म्हंजे गोऱ्या लोकांची व्हय?"

पण हीच मावशी निपाणीकडच्या गिऱ्हाइकाशी कानडीत बोलते. जैन कुटुंब आले, तर न विचारता कांदा बाजूला ठेवते आणि दिवस मावळायच्या आत त्यांना वाढते. जोतिबाच्या चैत्री यात्रेतून गुलालाने माखून आलेल्या माणसांशी कसे बोलावे, हेही तिला ठाऊक आहे. यांपैकी कशालाही ती 'संस्कृती' म्हणत नाही, म्हणून कागदावर त्याचे गुण पडत नाहीत. उलट मी स्वतःला भरपूर गुण दिले होते. त्याच दुपारी एका कानडी आजींनी पाणी मागितले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही, मावशीनेच दिले.

मग मोजमाप सोडून द्यावे काय? मला तसे वाटत नाही. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिने यांची बुद्धिमापन कसोटी मराठी व कानडी मुलांसाठी तयार केली, तेव्हा नुसते भाषांतर करून भागले नाही; येथील मुलांवर ती पारखून घ्यावी लागली. येथेही तेच करायला हवे. चार भाग ठेवावेत, पण विधाने गडावरच्या रोजच्या व्यवहारातून घ्यावीत. रहिवाशाच्या उत्तराबरोबर त्याचे प्रत्यक्ष वागणे पाहावे आणि आलेल्या पाहुण्यालाही विचारावे.

हे महत्त्वाचे अशासाठी, की आकड्याला मान मिळतो. गुण कमी पडले की 'या लोकांना शिकवले पाहिजे' असे म्हणणे सोपे होते, आणि मग त्यांना न विचारताच निर्णय घेणेही सोपे होते.

कागद घडी करताना मावशीने मलाच विचारले, "हे सगळं झाल्यावर आमची घरं, ही टपरी हितंच ऱ्हाईल न्हवं?"

वीसपैकी एकाही विधानात हा प्रश्न नव्हता. माझ्या मते वारसावस्तीतील मोजमापाची सुरुवात याच प्रश्नापासून व्हावी.